ओळख आणि ठिकाण : आंतरजालातील पत्त्याची चिकित्सा

पैठणच्या दूरध्वनीचा एसटीडी संकेतांक ०२४३१. तो वाचताच तालुका कळतो. परंतु ग्राहकाने गाव सोडले की क्रमांकही सुटतो. ‘कोण’ आणि ‘कोठे’ या दोन प्रश्नांना येथे एकच उत्तर दिलेले आहे. आंतरजालातील आयपी पत्ताही याच धर्तीचा. संगणकाने जाळे बदलले की पत्ता बदलतो आणि त्या पत्त्यावरच ओळखली जाणारी टीसीपी जोडणी तुटते. (पैठणी येवल्यात विणली तरी पैठणीच राहते, संगणकाला ती सोय नाही.)

जेरोम साल्टझर यांनी आरएफसी १४९८ या क्रमांकाने १९९३ मध्ये प्रसृत झालेल्या निबंधात सेवा, यंत्र, जोडणीबिंदू आणि मार्ग यांची नावे भिन्न मानली. ही मांडणी आजही भक्कम वाटते. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लिस्प’ने ओळख व ठिकाण यांसाठी दोन पत्ते योजले. मात्र त्यामागील मुख्य प्रेरणा राउटरमधील मार्गसारणीच्या वाढीची होती, फिरत्या माणसाची नव्हे. शिवाय ओळखही आयपी पत्त्याच्याच रूपात ठेवल्याने हे विभाजन अर्धवट राहते. यंत्राची ओळख कूटकिल्लीवर आधारणारा ‘एचआयपी’ तत्त्वतः अधिक प्रामाणिक होय; पण तो यंत्रायंत्रांत बदल मागतो, आणि तेथेच त्याचा प्रसार खुंटला.

विभाजनाने बंध नाहीसा होत नाही, तो नोंदवहीत जातो. २० जानेवारी २०११ रोजी क्रमांक कायम ठेवून मोबाइल कंपनी बदलण्याची सोय देशभर सुरू झाली. तोवर ९४२२ म्हणजे भारत संचार निगम, महाराष्ट्र परिमंडळ, असे डोळे मिटून सांगता येई. त्यानंतर क्रमांक केवळ ओळख उरला. मार्ग वेगळ्या संकेतांकाने ठरू लागला आणि त्याची मध्यवर्ती नोंद दोन परवानाधारक संस्थांकडे सोपविली गेली. ही नोंद चुकली तर क्रमांक बरोबर असूनही फोन लागत नाही. लिस्पच्या नोंदव्यवस्थेलाही हेच लागू पडते. ती कोणाच्या ताब्यात असावी, हा प्रश्न तांत्रिक चर्चेत दुय्यम ठरावा, हे खटकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जाळे बदलूनही न बदलणारी ओळख म्हणजे माग काढण्याचे साधन. आयपीव्ही६ पत्त्याचा उत्तरार्ध यंत्राच्या हार्डवेअर क्रमांकावरून बनविण्याच्या पद्धतीत हाच धोका होता. म्हणून २००१ मध्ये आरएफसी ३०४१ द्वारे तात्पुरत्या, यादृच्छिक ओळखभागाची तरतूद करावी लागली.