अर्धचंद्रासनाची पूर्वतयारी : आसनक्रमाचा एक विचार

हठयोगावरील जुन्या ग्रंथांत आसनाचे वर्णन आढळते; तेथवर पोहोचण्याची वाट क्वचितच आढळते. 'हठप्रदीपिके'त मयूरासनाची अंतिम स्थिती नेमकी सांगितली आहे : तळहात भूमीवर, कोपरे नाभीच्या दोहों बाजूंस, शरीर दंडासारखे सरळ. त्याआधी काय करावे, हे गुरुमुखातूनच कळावे अशी अपेक्षा दिसते. बी. के. एस. अय्यंगार यांच्या 'लाइट ऑन योगा' (१९६६) या ग्रंथाचे महत्त्व येथे आहे. त्यात प्रत्येक आसनाचे काठिण्य १ ते ६० या अंकांनी दर्शविले असून परिशिष्टात ३०० आठवड्यांचा अभ्यासक्रम दिला आहे.

तथापि केवळ अंकांवरून वर्ग आखू पाहणाऱ्या शिक्षकाची फसगत होण्याचा संभव आहे. अंक काठिण्य सांगतो. दोन आसनांमधील नाते सांगत नाही. अर्धचंद्रासनाचे उदाहरण घ्यावे. एका पायावर तोल सांभाळावयाचा म्हणून आधी वृक्षासन, हा विचार वरवर सयुक्तिक वाटतो. पण वृक्षासनात धड उभेच राहते. अर्धचंद्रासनात ते आडवे होते आणि कटिभाग बाजूस उघडावा लागतो. अय्यंगार कृतीचा आरंभ करतात तो उत्थित त्रिकोणासनापासून : पुढचा गुडघा वाकवून हात पावलापासून सुमारे फूटभर अंतरावर टेकावयाचा, मागचे पाऊल जवळ घ्यावयाचे, मग तो पाय उचलावयाचा. मधली वाकल्या गुडघ्याची अवस्था उत्थित पार्श्वकोनासनाशी जुळते. खरी पूर्वतयारी अशी कृतीच्या वाक्यांतच दडलेली आहे.

शरीराचा भार पायावर व कटिभागावर असावा, हात केवळ तोल राखण्यापुरता, हा त्यांचा इशारा वर्गाच्या आखणीची कसोटीच मानावयास हवा. पाय उचलण्याची घाई झाली की भार हातावर येतो, खांदा खचतो, उभ्या पायाचा गुडघा आत वळतो. अशा विद्यार्थ्यास हाताखाली लाकडी वीट व पाठीशी भिंत देण्याची रीत पुण्याच्या अय्यंगार परंपरेत रुळलेली आहे. तिला 'सवलत' म्हणणे (आणि ते सर्रास म्हटले जाते) अन्यायाचे होय. विटेमुळे जणू भूमीच वर येते, खांदा मोकळा राहतो आणि भार पायावर ठेवणे म्हणजे काय, हे प्रथमच उमगते. ज्याचा पाय त्या दिवशी उचललाच गेला नाही, त्याच्याही पदरी एवढे पडले पाहिजे.

ग्रंथाची मर्यादाही येथेच जाणवते. ३०० आठवड्यांचा तो क्रम एकट्या साधकासाठी आहे. नाना तऱ्हांची शरीरे एकत्र जमलेल्या तासाभराच्या वर्गात तो कसा उतरवावा, याविषयी परिशिष्ट मौन पाळते.