आरस्टुडिओ काय लक्षात ठेवतो, आणि काय ठेवायला नको

रात्री लॅबमधून निघताना तुम्ही आरस्टुडिओ बंद करता. सकाळी उघडला की सगळे टॅब जिथल्या तिथे. जिला अजून नावही दिलेलं नाही अशी अर्धवट स्क्रिप्टसुद्धा तशीच. वीज जाऊन मशीन बंद पडायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना ही सोय फार मोलाची आहे, आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे. टॅबसोबत तो कालची वर्कस्पेसही परत आणतो. म्हणजे तुम्ही बनवलेले सगळे टेबल, व्हेक्टर, मॉडेल. बंद करताना 'सेव्ह करू का?' असं विचारतो, आपण घाईत हो म्हणतो, आणि फोल्डरमध्ये डॉट आरडेटा नावाची फाइल तयार होते. लिनक्स आणि मॅकवर ठिपक्यानं सुरू होणारी फाइल सहसा दिसतही नाही.

खिडकी केवढी होती, कोणता टॅब पुढे होता ही झाली पडद्याची स्थिती. ती चुकली तर माऊसनं दोन सेकंदांत दुरुस्त होते. वर्कस्पेस ही तुमच्या निष्कर्षाची स्थिती आहे. ती चुकली तर कळतच नाही. दोन्ही एकाच सहजतेनं परत आणणं हा मला या प्रोग्रॅममधला सर्वात मोठा दोष वाटतो.

समजा, तुमच्या स्क्रिप्टमध्ये कच्च्या डेटातून खराब रीडिंग काढून 'साफ' नावाचं टेबल करणारी एक ओळ आहे. आवराआवर करताना ती उडाली. स्क्रिप्ट तरीही चालते, कारण 'साफ' कालच्या वर्कस्पेसमधून आलेलंच असतं. तीन महिन्यांनी गाइडच्या मशीनवर चालवली की पहिल्या मिनिटाला एरर. हे तरी बरं म्हणायचं. तुम्ही कटऑफ बदलला पण ती ओळ पुन्हा चालवलीच नाही, तर एररही येत नाही. आलेख जुन्या कटऑफचा आणि थिसिसमधलं वाक्य नव्या कटऑफचं. (हे उदाहरण अगदीच हवेतून काढलेलं नाही, एवढंच सांगते.)

सिम्युलेशन करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. आरमध्ये रँडम आकड्यांचं सीड वर्कस्पेसमध्येच असतं, तेही ठिपक्यानं सुरू होणाऱ्या नावाखाली, त्यामुळे एलएस कमांडच्या यादीत दिसत नाही. वर्कस्पेस सेव्ह झाली की तेही सेव्ह होतं. मग त्यानंतर रोज बंद करताना 'नको' म्हणत राहिलात, तर प्रत्येक सकाळी त्याच सीडपासून सुरुवात. पाच दिवसांचे पाच 'स्वतंत्र' रन, आणि पाचही हुबेहूब सारखे! उलट, लायब्ररीनं लोड केलेली पॅकेजेस मात्र परत येत नाहीत. म्हणजे धड पूर्ण कालचं नाही, धड आजचं नाही.

तुलनेला क्यूटी घ्या, ज्यात कितीतरी डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहिले जातात. तिथे खिडकीचा आकार, टूलबार आणि डॉक यांची मांडणी वेगळी साठवतात. त्या मांडणीला व्हर्जन नंबर देता येतो, आणि तो जुळला नाही तर क्यूटी ती लावायला नकार देतं. टूलबारसाठी एवढी काळजी! आणि वर्कस्पेसमधलं 'साफ' कोणत्या ओळीनं बनवलं, याची कुठेही नोंद नाही.

आरस्टुडिओच्या बाजूनं एक म्हणता येईल, ही सवय त्याची स्वतःची नाही, मूळ आरचीच आहे. आणि आठ तास चाललेलं मॉडेल कोण पुन्हा चालवणार? मान्य. पण त्यासाठी ते एकच मॉडेल सेव्हआरडीएसनं, नाव देऊन ठेवा. हॅडली विकहॅम आणि गॅरेट ग्रोलमंड यांच्या 2017 च्या 'आर फॉर डेटा सायन्स'मध्येही वर्कस्पेस जपू नका असंच सुचवलं आहे.

टूल्समध्ये ग्लोबल ऑप्शन्स, तिथे जनरल. सुरुवातीला डॉट आरडेटा परत आणण्याची खूण काढा आणि सेव्हच्या पर्यायात 'नेव्हर' निवडा. टॅब परत आणण्याची खूण मात्र राहू द्या. फोल्डरमधली जुनी डॉट आरडेटा लगेच डिलीट करू नका, आधी दुसरीकडे हलवा. मग रिकाम्या वर्कस्पेसमध्ये स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत चालवा आणि कुठे अडते ते बघा. फक्त गाइडना आकडे पाठवायच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नका.