औत आहे, बैल नाही

माझी भाची साडेचार वर्षांची आहे आणि बाळापुरात राहते. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रविवारी सकाळी ताई व्हिडिओ कॉल लावते, फोन भाचीच्या हातात देते आणि स्वतःच्या कामाला लागते. पुढची वीस मिनिटं मला बहुतेक वेळ छत दिसतं, मधूनमधून भाचीचं कपाळ. सध्या तिची अंकलिपी चालू आहे, त्यामुळे कॉलवर परीक्षा माझी असते.

“मामा, म कायचा?”

“मगरीचा.”

“मगर कुठं रायते?”

“नदीत.”

“आपल्या नदीत हाय?”

“नाही गं.”

“मंग म म्हशीचा काहून नाई?”

“म्हशीतला म अर्धा असतो,” असं सांगून मी वेळ मारून नेली. तिला ते पटलं नाही. मलाही फारसं पटलं नव्हतं. आमचं गाव मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या काठी आहे. १७५७ साली पुरा झालेला किल्लाही त्या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावरच उभा आहे. म्हणजे गावाच्या दोन्ही नद्या म वरून, आणि त्यातली एक तर सरळसरळ म्हैस. (तिचं नाव ‘महेश’ असंही लिहिलेलं दिसतं. कागदावर टिकून राहणं म्हशीला अवघडच जातं.)

पोळ्याला घरी गेलो तेव्हा ती अंकलिपी हातात घेऊन पहिल्यांदा नीट वाचली. गंमत बघा, मराठीत शाळा शिकलेल्या बहुतेकांच्या हातून हे पुस्तक गेलेलं असतं, आणि त्याचं परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही. पाठ झालेलं पुस्तक आपण पुन्हा वाचत नाही, म्हणून असेल.

माझ्या हातातल्या प्रतीत प्राणी सहा: एडका, बदक, मगर, शहामृग, ससा, हरण. बाकी सगळ्या वस्तू. गवत आहे, ते खाणारी गाय नाही. रथ आहे, घोडा नाही. औत आहे, बैल नाही. समोर पाटावर मातीचे बैल मांडलेले, बाहेर खरे बैल रंगवलेल्या शिंगांनी उभे, आणि हातातल्या पुस्तकात बैल नाही. म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा, मांजर, कावळा, चिमणी, बाळापूरच्या पोराला दारात दिसणारं एकही जनावर या पुस्तकात नाही. शहामृग आहे, जे आफ्रिकेत राहतं.

माझा पहिला राग ठरलेल्या दिशेनं गेला. हे कुणीतरी मोठ्या शहरातल्या खुर्चीत बसून ठरवलेलं, ज्याच्या घरी ढोरं नव्हती. पुढं ‘भ भटजीचा’ दिसल्यावर तर अख्खा लेख डोक्यात तयार झाला. पण मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो. त्या कामात एक सवय लागते: विचित्र दिसणारी ओळ खोडण्याआधी ती तिथं का आली असेल, ते बघायचं. म्हणून ते सहा प्राणी पुन्हा वाचले. बदक. मगर. हरण. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. ससा आणि शहामृग यांचंही पहिलं अक्षर कोरं. एडका स्वरानं सुरू होतो, तिथं प्रश्नच नाही.

आता गावातली जनावरं घ्या. गाय, घोडा, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, कुत्रा, मांजर, माकड, कावळा, चिमणी, पोपट, मोर, साप, बेडूक, डुक्कर, वाघ. एकाचंही पहिलं अक्षर कोरं नाही. ज्यांच्याशी आपला रोजचा संबंध, त्या जवळजवळ सगळ्यांच्या नावावर पहिल्याच अक्षराला काहीतरी लटकलेलं आहे. मूल ग शिकतंय आणि तुम्ही त्याला ‘गाय’ दाखवलीत, तर त्याला दिसतो गा. मग ग कुठला? अंकलिपी करणाऱ्यांनी ही अडचण ओळखली होती. शहामृग आला तो त्याचा श उघडा आहे म्हणून, आणि शेळी गेली ती एका मात्रेपायी. नियम म्हणून हे चुकीचं नाही. बालभारतीच्या पहिलीच्या जुन्या पुस्तकातही सुरुवातीचे धडे काना-मात्रा नसलेल्या शब्दांचेच होते, आणि पाटीवर गमभन गिरवण्यामागंही तेच, आधी कोरं अक्षर. राग निम्मा उतरला.

उरलेला निम्मा तपासायला मी पायथनमध्ये पाच-सात ओळी लिहिल्या. मराठीतली प्राण्या-पक्ष्यांची जमतील तेवढी नावं एका फाइलमध्ये टाकली आणि ज्यांचं पहिलं अक्षर कोरं आहे तेवढीच मागितली. हे सोपं जातं, कारण युनिकोडमध्ये मात्रा अक्षराला चिकटलेली नसते, त्याच्यानंतर येणारं वेगळं चिन्ह असते. ‘घोडा’ म्हणजे संगणकाच्या लेखी घ, मग ओची खूण, मग ड, मग काना. तो घोड्याला बिनतक्रार घ मध्ये घालतो. मुलाला मात्र घो एकदम दिसतो. मुलासारखं बघायचं तर दुसरं चिन्ह मात्रा, हलन्त किंवा अनुस्वार असलेली सगळी नावं गाळायची. गाळली.

खाली जे उरलं ते बघून मी थोडा वेळ बसून राहिलो. अजगर, अस्वल, कबूतर, करकोचा, खवल्या मांजर, गरुड, गवा, जळू, तरस, दयाळ, धनेश, बकरी, बगळा, मधमाशी, वटवाघूळ, सरडा, ससाणा, हत्ती. म्हणजे नियम पाळूनही कितीतरी जागा होती. त साठी तरस होतं, तिन्ही अक्षरं कोरी, चित्र काढायला झकास. तिथं छापली तलवार. ज ला जळू चालली असती, तिथं जहाज. समुद्र न पाहिलेल्या गावात जहाज! ऊ तर कहरच आहे. ऊ हा मराठीतला असा जीव, ज्याचं नाव म्हणजेच अख्खं अक्षर. शिवाय साडेचार वर्षांच्या पोरीच्या डोक्यात तिचा वावर असतोच. पण छापला ऊस. आणि ‘प पतंगाचा’ खाली चित्र दोऱ्याच्या पतंगाचं. दिव्यावर झडप घालणारा पतंग त्याच नावात गुपचूप बसलाय, त्याला कोणी विचारलं नाही.

बकरीचं बघा. बाळापुरात मराठी शाळा आहेत तशा उर्दू शाळाही आहेत. उर्दू कायद्यात ‘अलिफ से अनार, बे से बकरी’ असतं. मराठीतही बकरी नियमात बसते, ब आणि क दोन्ही कोरे. तरी आमच्या पानावर बदक. गल्लीत बकऱ्या आणि त्यांची पिल्लं दारोदार फिरतात. बदक मी पहिल्यांदा पाहिलं ते इंजिनिअरिंगला गेल्यावर, कॉलेजच्या तळ्यात. एकाच गल्लीतल्या दोन पोरांपैकी एकाला आपली बकरी पुस्तकात भेटते आणि दुसऱ्याला भेटत नाही, याचं कारण व्याकरणात सापडत नाही. इथं मात्र माझा मूळचा राग खरा होता.

मधल्या काळात ताईनं एक नवा तक्ता आणून भिंतीवर लावला. गुळगुळीत कागद, प्रत्येक अक्षराला प्राणी. इथं कोऱ्या अक्षराचा नियम टाकूनच दिलाय: ग गेंड्याचा, ज जिराफाचा, झ झेब्र्याचा, य याकचा, स सिंहाचा. म्हणजे ज्या अटीमुळं गाय, शेळी आणि बैल बाहेर राहिले ती अटच उठली. दार सताड उघडलं आणि आत शिरलं प्राणिसंग्रहालय. चित्रांवरून वाटतं की इंग्रजी ए-टू-झेडसाठी काढलेला संच खाली मराठी अक्षरं टाकून वापरलाय. ठ ला काही सापडेना म्हणून ‘ठिपक्यांचं हरीण’. जुन्या अंकलिपीशी मी भांडू शकतो, कारण तिच्याकडं एक तत्त्व आहे. या तक्त्याशी भांडायला काही नाहीच.

आमच्या शेताकडं रात्री रोही येतात. कळपानं येतात आणि हरभऱ्याचा चेंदा करून जातात. बाबांनी कित्येक रात्री मचाणावर काढल्यात. पुस्तकात या जनावराचं नाव नीलगाय, म्हणजे न. आमच्याकडं रोही, म्हणजे र. भाचीनं रोही पाहिलाय, त्याच्या नावानं आजोबांनी दिलेल्या शिव्याही ऐकल्यात. तिला र विचारला तर ती रथ म्हणते, कारण तसं छापलंय. माहीत असलेलं जनावर बाजूला ठेवून न पाहिलेली वस्तू सांगायची, म्हणजे उत्तर बरोबर येतं, हे ती साडेचाराव्या वर्षी शिकली.

दुसरी वाट मराठीत कुणाला सुचलीच नव्हती असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. पोरं गुरं राखायला कुरणात जातात, तर शाळाच कुरणात न्यायची. शिकवायचं साहित्यही आजूबाजूचं, पानं, बिया, दगड. त्या शाळेत जनावर आधी होतं, अक्षर नंतर.

आता ण आणि ळ. या दोन अक्षरांवरून मराठीत शब्द सुरू होत नाहीत, म्हणून प्राणीही नाही. अंकलिपी मग शब्दाच्या पोटातून अक्षर काढते: ण बाणाचा, ळ बाळाचा. कुठल्याही मराठी मुलाला हे दोन अपवाद थोडे चक्रावतात. वऱ्हाडातल्या मुलाची अडचण त्याहून मोठी आहे, कारण नेमकी हीच दोन अक्षरं आमच्या बोलीत नाहीत. ण चा न होतो: पानी, कोन, बान. ळ चा य होतो: डोया, शाया, कावया. पोळा म्हणजे पोया. वऱ्हाडातले कवी विठ्ठल वाघ यांच्या संग्रहाचं नावच ‘काया मातीत मातीत’ आहे. आणि आमचं बाळापूर घरात बायापूर असतं. गावाच्या नावातच ळ, आणि गावाच्या तोंडात तो नाही.

पहिलीत मी उभा राहून वाचलं होतं, “ळ बायाचा.” चित्रात पाळण्यातलं बाळ होतं, मी ते ओळखलं होतं, आणि आमच्याकडं बाळाला जे म्हणतात तेच म्हटलं होतं. बाई हसल्या. त्या बाहेरगावच्या होत्या, त्यांना ते ‘बायकांचा’ असं ऐकू आलं असणार. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं, मी पुन्हा तेच म्हटलं. सगळा वर्ग हसला. त्यातल्या निम्म्यांनी घरी जाऊन बायच म्हटलं असेल. पुढं काही दिवस मला ढ म्हणत होते. (वर्णमालेतलं हे एकच अक्षर, जे सरळ माणसाला चिकटतं.) त्यानंतर मी ळ इतका घोटला की आता घरी गेलो तर आई म्हणते, “तू पुन्यासारका बोलतं.” माझ्या तोंडून कावया आता ठरवल्याशिवाय येत नाही. ते अक्षर मला आलं याचं वाईट वाटत नाही. त्याच्या बदल्यात दुसरं का द्यावं लागलं, हे अजून कळलेलं नाही.

टीका करून झाल्यावर आमच्या धंद्यात विचारतात, मग तू काय केलं असतंस? माझं उत्तर अंकलिपीतच होतं, पुढच्या पानांवर. तिथं बाराखडी असते: म, मा, मि, मी… नुसते रकाने, एकही चित्र नाही. जी जनावरं काना-मात्रेपायी मुळाक्षरांतून बाहेर पडली, त्यांची खरी जागा ही. का कावळ्याचा, कु कुत्र्याचा, को कोंबडीचा. गा गाईचा, घो घोड्याचा, शे शेळीचा, बै बैलाचा. इतकं उघड आहे की आपल्यालाच कसं सुचलं, याची शंका यावी.

मी रात्री बसून म, क आणि ग या तीन ओळींचा तक्ता केला आणि पीडीएफ ताईला पाठवली. तिनं गावातल्या दुकानातून रंगीत प्रिंट काढून आणली. म च्या ओळीत मधमाशी, मांजर, मुंगूस, मेंढी, मैना, मोर बसले. मि, मी आणि मू मी रिकामे सोडले होते. पुढच्या रविवारी कॉलवर भाचीनं तो तक्ता कॅमेऱ्याच्या इतका जवळ धरला की मला फक्त मोराचं पोट दिसलं. मग मागं नेला. मी च्या चौकटीत तिनं स्वतःचा पासपोर्ट फोटो चिकटवला होता.

“मी म्हंजे मी,” ती म्हणाली. “पन म्हैस कुठं हाय?”

म्हैस नव्हती. म्है बाराखडीत येत नाही, ते जोडाक्षर. मी माझ्याच नियमानं म्हशीला परत बाहेर ठेवलं होतं. तेवढ्यात मागून ताईनं विचारलं, “अन् का पाशी तू कावळा लिवला. हे त कावया वाचते. टोकू का नोको?” मी म्हटलं, सध्या नको टोकू. “अन् शायेत टोकलं त?” यावर मी काही बोललो नाही.

फोन पुन्हा छताकडं गेला होता. भाची तक्त्याच्या खालच्या कोऱ्या पट्टीत पेन्सिलनं दोन मोठी शिंगं काढत होती.