महोत्सव संपल्यानंतर : शासकीय संग्रहालये, ऐतिहासिक स्थळे आणि लोकाश्रय

प्रास्ताविक

ऐतिहासिक वास्तूच्या प्रांगणात हंगामी महोत्सव भरविला की त्या वास्तूस स्थानिक समाजाचा पाठिंबा लाभतो, हे गृहीतक गेल्या तीन-चार दशकांत आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की त्याची तपासणी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. महोत्सवाचे यश उपस्थितीवरून मोजले जाते आणि उपस्थितीलाच लोकसहभाग म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या दोहोंतील अंतर महाराष्ट्रातील काही स्थळांच्या आधारे तपासून पाहावयाचे आहे. महोत्सवांना विरोध करणे हा येथे हेतू नाही. मांडव उतरल्यावर त्या वास्तूपाशी कोण उरते, एवढाच प्रश्न आहे.

या विवेचनाचा आरंभ कायद्यापासून करणे सोयीचे होईल. केंद्रीय संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा अधिनियम व त्याखालील १९५९ चे नियम लागू आहेत. या नियमांनुसार संरक्षित स्मारकात सभा, स्वागत समारंभ, मेजवानी, परिषद वा करमणुकीचा कार्यक्रम केंद्र शासनाच्या लेखी परवानगीविना करता येत नाही. मात्र मान्यताप्राप्त धार्मिक वहिवाट किंवा रूढी यांना अनुसरून होणाऱ्या मेळाव्यास हे बंधन नाही. म्हणजे कायद्याला मेळाव्याचे दोनच प्रकार ठाऊक आहेत : परवानगीचा आणि वहिवाटीचा. पहिला शासनदरबारी जन्मतो, दुसरा समाजाच्या पंचांगात असतो. आपले बरेचसे प्रश्न या दोहोंच्या मधल्या जागेत उभे राहतात.

परवानगीचे मेळावे

घारापुरी लेण्यांचा समावेश १९८७ साली जागतिक वारसा यादीत झाला. पर्यटन महामंडळाच्या एलिफंटा महोत्सवाने पुढे या बेटास नृत्य-संगीताच्या नकाशावर आणले. शिवाच्या त्रिमुख शिल्पाच्या सान्निध्यात अभिजात कला सादर व्हावी, या कल्पनेतील औचित्य कोणीही मान्य करील. तथापि हा महोत्सव बेटावर होत असे तेव्हा श्रोता मुंबईहून बोटीने येई आणि कार्यक्रम आटोपताच परत जाई. पर्यटकांना बेटावर रात्री मुक्काम करता येत नाही, त्यामुळे ते स्वाभाविकच होते. पुढे महोत्सवाचे मुख्य कार्यक्रम गेट वे ऑफ इंडियाच्या परिसरात हलविण्यात आले, आणि बेटाचे नाव तेवढे महोत्सवाकडे राहिले.

याच बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावे आहेत. फेब्रुवारी २०१८ पर्यंत या गावांना कायमचा वीजपुरवठा नव्हता. जनित्राच्या आधारे संध्याकाळचे काही तास दिवे लागत. सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल समुद्रतळाशी टाकली गेली तेव्हा कोठे घरोघरी चोवीस तास वीज आली. अर्थात वीज पुरविणे हे महोत्सवाचे काम नव्हे, हे उघड आहे. परंतु प्रकाशझोतांत उजळणारी लेणी आणि रात्री अंधारात जाणारी गावे ही दोन दृश्ये वर्षानुवर्षे एकाच बेटावर नांदत होती, आणि महोत्सवाचा विचार करणाऱ्यांना त्यात विसंगती जाणवली असल्यास तिचे प्रतिबिंब महोत्सवाच्या आखणीत दिसले नाही. लेण्यांच्या वाटेवर दुकाने मांडणारे, पर्यटकांना वाट दाखविणारे, त्यांची जेवणाखाण्याची सोय करणारे घारापुरीकरच वर्षभर त्या स्थळाचे खरे यजमान असतात. महोत्सवाच्या रात्री मात्र ते पाहुणेही नसतात.

वेरूळच्या महोत्सवाची गोष्ट थोडी निराळी आहे. आरंभी तो कैलास लेण्याच्या पार्श्वभूमीवर होत असे. लेण्याच्या संरक्षणाचा विचार करता तो तेथून हलविणे योग्यच होते, आणि तो छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) शहरातील सोनेरी महालापुढे आला. सतराव्या शतकाच्या मध्यास पहाडसिंह बुंदेला याने बांधलेला हा महाल राज्य संरक्षित स्मारक आहे, आणि त्यातच शासनाचे संग्रहालयही आहे. एकाच जागी वास्तू, संग्रहालय आणि महोत्सव असा योग राज्यात अन्यत्र क्वचितच जुळतो. पण येथे वास्तू ही रंगमंचाचा पडदा झाली आणि संग्रहालय त्या पडद्यामागे गेले. २०१६ नंतर हा महोत्सव खंडित झाला व फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा भरला. मधल्या काळात तो आपल्या बळावर चालवील अशी कोणतीही स्थानिक संस्था त्यातून उभी राहिलेली नव्हती, हे या खंडानेच सिद्ध केले. अनुदानावर उभा राहिलेला मेळावा अनुदानाबरोबरच बसतो.

रायगड : उत्सव आणि डागडुजी

रायगड या दोन्ही प्रकारांत नीट बसत नाही. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस आणि ६ जून रोजी तेथे लोटणारा समुदाय करमणुकीसाठी येत नाही. दुसरीकडे या सोहळ्यास कायद्याच्या अर्थाने धार्मिक वहिवाट म्हणणेही कठीण. २०२३ साली, राज्याभिषेकाच्या ३५० व्या वर्षाच्या निमित्ताने, तिथीप्रमाणे २ जूनला आणि तारखेप्रमाणे ६ जूनला असे दोन सोहळे झाले. तिथी-तारखेच्या या वादात किती शाई खर्च झाली ते आपण जाणतोच. गडाची वाट, पाणी आणि स्वच्छता यांवर त्याच्या दशांशाने तरी चर्चा व्हावयास हवी होती.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. समाधीच्या दुरवस्थेवर जेम्स डग्लसने १८८३ साली टीका केली. त्यानंतर मुंबई सरकारने समाधीच्या देखभालीसाठी मंजूर केलेली रक्कम होती वर्षाला पाच रुपये. या पाच रुपयांचा उपहास आपण आजही करतो. लोकमान्य टिळकांनी १८९५ साली निधीचे आवाहन केले, देणगीदारांच्या याद्या ‘केसरी’त छापून येऊ लागल्या आणि १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. उत्सव तत्काळ यशस्वी झाला, पण समाधीच्या जीर्णोद्धारास १९२० चे दशक उजाडावे लागले. उत्सव आणि डागडुजी या दोहोंमध्ये सुमारे तीस वर्षांचे अंतर पडले, ते भावनेच्या अभावामुळे निश्चितच नव्हे. परवानग्या, निधीची व्यवस्था, राजकीय परिस्थिती अशी अनेक कारणे त्यामागे होती. मात्र या प्रयत्नातील एक गोष्ट आजच्या महोत्सवांत आढळत नाही : जमलेल्या प्रत्येक पैशावर एका विशिष्ट कामाचे नाव होते आणि देणाऱ्याचे नाव सार्वजनिक रीत्या नोंदले जात होते. उत्सवास आलेला मनुष्य अशा रीतीने कामाचा भागीदार होत होता.

औंधचे उदाहरण

सातारा जिल्ह्यातील औंध या गावाकडे या संदर्भात अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली येथे श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा व धुरंधर यांची चित्रे, ‘किरातार्जुनीया’वरील लघुचित्रे, आणि हेन्री मूरचे माता व बालक हे शिल्प, असा संग्रह खटाव तालुक्यातील एका लहानशा गावी असावा ही घटनाच विलक्षण आहे. लगेच पुढच्या वर्षी, १९३९ मध्ये, याच राजाने गांधीजींच्या सल्ल्याने नवी राज्यघटना देऊन ग्रामपंचायतींकडे सत्ता सोपविली. आणि १९४० साली ग्वाल्हेर परंपरेतील गायक अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ येथे संगीत उत्सव सुरू केला. तीन वर्षांच्या अवधीत एका गावाला संग्रहालय, स्वराज्य आणि संगीत मिळाले.

पुढे काय झाले, ते बोधप्रद आहे. संस्थान विलीन झाले आणि संग्रहालय यथाकाल राज्य शासनाच्या संचालनालयाकडे आले. संगीत उत्सव मात्र शिष्यपरंपरेकडे राहिला. अंतुबुवांनंतर त्यांचे पुत्र गजाननबुवा आणि त्यानंतर त्यांचे शिष्य यांनी अश्विन वद्य पंचमीचा हा नेम चालविला. गाणारा येथे सेवा म्हणून गातो आणि ऐकणाऱ्यास तिकीट नसते. हा उत्सव कोणी औंधला आणलेला नाही, तो औंधमध्येच रुजलेला आहे. वेरूळ महोत्सवाच्या खंडाशी याची तुलना केली असता आर्थिक बळ आणि टिकाऊपणा यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही, असे दिसते.

तरीही औंधचे चित्र सर्वस्वी समाधानकारक नाही. संग्रहालय यमाईच्या डोंगरावर, मूळपीठाच्या वाटेवर आहे. पौष महिन्यातील यात्रेस हजारो भाविक ही वाट चढतात. देवीच्या भक्त असलेल्या राजाने ही जागा निवडताना यात्रेकरू हाच आपला प्रेक्षक मानला असावा, असे अनुमान करावेसे वाटते. आज संग्रहालयाची वेळ कार्यालयीन आहे आणि त्याची साप्ताहिक सुट्टी तिथी पाहून ठरत नाही. गावातील शेतकरी कुटुंब जेथून वर्षातून एकदा हमखास जाते, तेथे त्याच्यासाठी यात्रेपुरती वेळ वाढविणे, एखाद्या दालनाची मराठीतून तोंडी ओळख करून देणे, यांस मोठा खर्च येत नाही. रात्रभर गाणे ऐकलेला रसिक दुसऱ्या दिवशी काय करतो, हाही संग्रहालयाने विचारावयाचा प्रश्न आहे. शासकीय संग्रहालयांना नवे महोत्सव सुचविले जातात तेव्हा दारावरून जाणारी जुनी यात्रा कोणाच्याच हिशेबात नसते, हे खेदाने नमूद करावे लागते.

पालकत्व कोणाचे?

राज्य संरक्षित स्मारकांची संख्या साडेतीनशेहून अधिक आहे आणि त्यांच्यासाठीचे मनुष्यबळ तुटपुंजे आहे. यावर उपाय म्हणून शासनाने २००७ मध्ये महाराष्ट्र वैभव संगोपन योजना आणली. तिच्या आधारे नळदुर्ग किल्ला २०१४ साली एका खाजगी कंपनीकडे संगोपनार्थ देण्यात आला आणि तेथील सोयीसुविधा सुधारल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु या योजनेतील पालक हा प्रामुख्याने पैसा गुंतवू शकणारा पालक आहे. रविवारी घमेली-फावडी घेऊन गडावर जाणाऱ्या, दसऱ्यास दरवाजाला तोरण बांधणाऱ्या आणि दिवाळीस बुरुजावर पणत्या लावणाऱ्या तरुण मंडळांना तिच्यात निश्चित स्थान नाही.

या मंडळांविषयी केवळ कौतुकाने बोलणेही अभ्यासकास शोभणार नाही. टाक्यातील गाळ हा पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने पुरावा असतो. खापरे, नाणी, तोफगोळे कोणत्या थरात सापडले याची नोंद न करता गाळ उपसला तर पाणी मिळते आणि इतिहास जातो. मात्र याचा दोष तरुणांच्या उत्साहावर टाकून संचालनालयास मोकळे होता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांपैकी साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या संरक्षणाखाली आहेत. या चार गडांच्या पायथ्याच्या गावांतील प्रत्येकी दहा-पंधरा तरुणांना नोंदवही कशी भरावी, छायाचित्र घेताना मोजपट्टी कोठे ठेवावी आणि फावडे केव्हा थांबवावे एवढे शिकविण्यास इतिहास विभाग असलेली कोणतीही महाविद्यालये पुरेशी आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेची हिवाळी शिबिरे दरवर्षी होतातच, आणि त्यांतील एक शिबिर साल्हेरच्या पायथ्याशी घेण्यास आपणास कोणाच्या अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही.