पेत्राचा नकार आणि योहानाचा एकविसावा अध्याय

बायबलाकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडे अजून रुळलेली नाही. ख्रिस्ती वाचक ते श्रद्धेने वाचतो; इतर वाचक बहुधा वाचतच नाहीत. वस्तुतः मराठीचा या ग्रंथाशी संबंध जुना आहे. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोव्यात रायतूर येथे १६१६ साली छापले गेले, आणि पंडिता रमाबाई १९२२ मध्ये निवर्तल्या त्या मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणूनच. असे असता त्यातील कथांची रसिकतेने चिकित्सा आपल्या नियतकालिकांतून क्वचितच होते. येथे आम्ही एकाच कथेचा विचार करणार आहोत. ती म्हणजे पेत्राने आपल्या गुरूची ओळख नाकारली, आणि पुढे तो त्याच गुरूच्या पंक्तीला पुन्हा बसला, ही कथा.

येशूला अटक झाली त्या रात्री पेत्र महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात शिरला. थंडी होती. चाकरमंडळींनी कोळशांचा विस्तव केला होता आणि पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकत होता. गुरूसाठी प्राण देईन, अशी भाषा याच माणसाने त्याच रात्री भोजनाच्या वेळी केली होती. एका दासीने हटकताच तो नाही म्हणाला, आणि कोंबडा आरवेपर्यंत तीनदा नाही म्हणाला. मत्तयाच्या कथनात त्याची बोलीच त्याला उघडे पाडते; गालीलकराचे बोलणे यरुशलेमेत लपत नाही. पुण्याच्या सभेत दोन वाक्ये बोलताच ‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न ज्यांना ऐकावा लागतो, त्या आम्हां महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींना या तपशिलाचे मर्म अधिक कळावे.

आता एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कोंबडा आरवल्यावर पेत्र रडला, असे मत्तय, मार्क आणि लूक हे तिघेही सांगतात. योहान अश्रूंचा उल्लेखसुद्धा करीत नाही. कोंबडा आरवला एवढे नोंदवून तो पुढच्या चौकशीकडे वळतो. उलट पेत्राच्या पुनःस्थापनेचा प्रसंग सविस्तर सांगतो तो एकटा योहान. लूक फार तर पुनरुत्थित येशू शिमोनाच्या दृष्टीस पडला एवढेच कळवतो. बोलणे काय झाले, ते सांगत नाही. म्हणजे ज्यांच्यापाशी अश्रू आहेत त्यांच्यापाशी क्षमेचा प्रसंग नाही, आणि ज्याच्यापाशी प्रसंग आहे त्याच्यापाशी अश्रू नाहीत. प्रवचनकार या दोहोंची मोट सहज बांधतात: पेत्र रडला, म्हणून त्याला क्षमा झाली. बाख या जर्मन संगीतकारालाही हा मोह आवरला नाही. योहानाच्या कथनावर १७२४ साली रचलेल्या आपल्या संगीतकृतीत त्याने पेत्राचे रडणे मत्तयाकडून उसने आणून बसवले. संगीताला ते शोभूनही दिसले. परंतु त्यामुळे योहानाने जे मुद्दाम वेगळे सांगितले, ते झाकले जाते, अशी आमची तक्रार आहे.

योहानाच्या ग्रंथाचा समारोप विसाव्या अध्यायाच्या शेवटीच झाल्यासारखा वाटतो. म्हणून एकविसावा अध्याय मागाहून जोडला असावा, असे अनेक पंडितांचे मत आहे. ते खरे मानले तरी त्याची किंमत कमी होत नाही. पेत्राला अंगणातल्या विस्तवापाशीच सोडून ग्रंथ संपवणे कोणाला तरी रुचले नाही, असाच त्याचा अर्थ होतो. पेत्र आपल्या जुन्या धंद्याकडे, मासेमारीकडे, वळला आहे. रात्रभर जाळे रिकामे. पहाटे काठावरून कोणी हाक देतो, जाळे टाकण्याची बाजू सांगतो, आणि १५३ मोठे मासे लागतात. तो कोण हे कळताच पेत्र अंगरखा कमरेला आवळून पाण्यात उडी घेतो. लूकच्या पाचव्या अध्यायातही असाच मासळीचा लाभ आहे. तेथे पेत्र गुरूच्या पाया पडून, मी पापी आहे, माझ्यापासून दूर व्हा, अशी विनवणी करतो. काही बिघडले नव्हते तेव्हा ज्याने अंतर मागितले, तो सारे बिघडल्यावर पोहत जवळ येतो. ग्रंथ दोन, लेखक दोन. तरी दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्ही सुचवतो.

काठावर कोळशांचा विस्तव आहे. त्यासाठी योजलेला ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात दोनच ठिकाणी येतो: महायाजकाच्या अंगणात आणि येथे. आधी जेवण होते. मग येशू तीनदा विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे काय? पहिल्या खेपेस ‘या इतरांपेक्षा अधिक’ अशी पुस्ती आहे. कारण सगळे ढळले तरी मी ढळणार नाही, अशी फुशारकी पेत्राने मारल्याचे मत्तय व मार्क सांगतात. पेत्र उत्तर देताना ती तुलना गाळतो. प्रेम आहे, आणि ते तुम्हांलाच ठाऊक आहे, एवढेच तो म्हणतो. प्रेमासाठी येथे दोन भिन्न ग्रीक क्रियापदे आली आहेत आणि त्यांवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. आम्हांस त्या वादात फारसे तथ्य दिसत नाही. योहान मेंढरे, चारणे, जाणणे यांसाठीही येथे शब्द पालटतोच.

तिसऱ्या प्रश्नाने पेत्र दुःखी होतो. योहानाने सांगितलेले पेत्राचे दुःख ते हेच, आणि ते पुनःस्थापनेच्या आधी येत नाही, तिच्या मध्येच येते. क्षमा केली हा शब्द कोठेही नाही. पेत्रही क्षमा मागत नाही. आपला संतकवी स्वतःला पतित म्हणवून देवाच्या पतितपावन या ब्रीदाची आठवण देतो. पेत्र स्वतःला काहीच म्हणवत नाही. प्रायश्चित्त नाही, झाल्या गोष्टीची कबुलीसुद्धा नाही. प्रत्येक उत्तरापाठोपाठ येते ते काम: मेंढरे सांभाळण्याचे. शाळेत मुलाच्या हातून काही घडले की आम्ही शिक्षक आधी माफीपत्र लिहून घेतो. अशी शेकडो माफीपत्रे वाचून आमचे मत झाले आहे की, त्यांतील भाषा मुलाची नसते, आमची असते. येथे गुरू तसला कागद मागत नाही. शेवटी तो पेत्राला त्याच्या मरणाची सूचना देतो. प्राण देईन, हा जो शब्द त्या रात्री पोकळ ठरला होता, तोच येथे त्याला परत मिळतो.

याच्या शेजारी मत्तयाने सांगितलेला यहूदा इस्कर्योत ठेवून पाहावा. त्यालाही पस्तावा झाला. त्याने ३० रुपये परत नेले आणि निरपराध्याला धरून दिल्याचे स्पष्ट शब्दांत कबूल केले. एवढे पेत्राने कधीच केले नाही. पण तो गेला याजकांकडे. आणि आमचा त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून ते मोकळे झाले. यहूदाने फास लावून घेतला. दोघांतील भेद पस्ताव्याच्या मापाने मोजणाऱ्या टीकाकारांशी म्हणूनच आम्ही सहमत नाही.

हा प्रश्न पुढे कागदावरचा राहिला नाही. २५० साली रोमन सम्राट डेशियसने सर्वांना देवतांपुढे बलिदान करण्याचा हुकूम सोडला, आणि ते केल्याचे दाखले दिले जाऊ लागले. इजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत. कित्येक ख्रिस्ती लोकांनी बलिदान केले, कित्येकांनी पैसे भरून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ते दाराशी परत आले. कार्थेजचा बिशप सिप्रियन छळकाळात स्वतः लपून राहिला होता. त्याने २५१ मध्ये या पतितांवर ग्रंथ लिहिला आणि दीर्घ पश्चात्तापानंतर त्यांना परत घेण्याची वाट ठेवली. पुढे नव्या छळाची चाहूल लागताच ती आणखी रुंद केली. नोव्हाशियन मात्र अडून बसला. ज्याने नाकारले त्याला मंडळीत पुन्हा जागा नाही, असे त्याचे म्हणणे होते. हे तो म्हणत होता रोममध्ये, जेथे परंपरेनुसार पेत्र आपला शब्द पाळून मेला.