वाद्ययोजनेचा विचार : वसंत देसाई

झाशीचे गंगाधरराव नेवाळकर यांच्या नाट्यप्रेमाची हकीकत मराठी वाचकाला गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मुळे (१९०७) परिचित आहे. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते १८४३ मध्ये. त्याच दशकात बुंदेलखंडातील या मराठी दरबारीही रंगभूमी नांदत होती. १८५३ मध्ये गंगाधरराव वारले. लोकांच्या स्मरणात राहिला तो स्त्रीभूमिका करणारा राजा. त्याच्या रंगभूमीवर साथीला बसणाऱ्यांची आठवण कुणी ठेवली नाही.

आपल्या नाट्यसंगीताच्या समीक्षेचेही थोडेफार असेच झाले आहे. पद, राग, चाल, गायक यांविषयी आपण पुष्कळ लिहितो. पदामागे उभ्या असलेल्या वाद्यमेळाचा विचार मात्र ‘साथ उत्तम होती’ या तीन शब्दांत आटोपतो. या उपेक्षेचे ठळक उदाहरण म्हणजे वसंत देसाई.

गंगाधररावांनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५३ मध्ये, सोहराब मोदींचा ‘झाँसी की रानी’ हा रंगीत चित्रपट आला. त्याचे संगीत देसाईंचे. चित्रपट चालला नाही. पण संगीतकाराची घडण पाहू जाता ही निवड सार्थ होती. कुडाळ भागातील सोनवडे येथे १९१२ मध्ये जन्मलेले देसाई ‘प्रभात’मध्ये पडेल ते काम करीत वाढले. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव या तिघांच्या हाताखाली त्यांना राबता आले. तिघेही रंगभूमी जाणणारे. संगीत हे प्रसंगाच्या पोटातून यावे लागते, हा धडा त्यांना तेथे मिळाला असावा. ‘अचानक’ (१९७३) हा चित्रपट गीतविरहित. तेथे देसाईंजवळ केवळ पार्श्वसंगीत होते. चाल देणारा आणि वाद्ययोजना करणारा यांतला भेद ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याने हा चित्रपट लक्षपूर्वक ऐकावा.

रंगभूमीवरचा प्रश्न निराळा होता, आणि अधिक अवघड. चित्रपटातील वाद्यवृंद फितीच्या लांबीने बांधलेला असतो. नाट्यपद बांधलेले नसते. गायक नट रंगला, ‘वन्स मोअर’ आला, की पद वाढते, आणि ते किती वाढेल हे त्यालाही ठाऊक नसते. मोजून लिहिलेला मधला तुकडा अशा वेळी गायकाच्या पायात येतो. म्हणूनच बालगंधर्वांच्या काळी ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँचा तबला एवढाच संच पुरेसा ठरला. तो गायकाबरोबर कोठेही वळू शके. देसाई या रंगभूमीवर आले तेव्हा त्यांना मोठ्या वाद्यवृंदाची सवय जडलेली होती. ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) आणि ‘जय जय गौरीशंकर’ (१९६६) या विद्याधर गोखल्यांच्या नाटकांसाठी त्यांनी ती सवय बाजूस ठेवली, हे मला त्यांचे मोठेपण वाटते. या पदांत वाद्यांची योजना चालीतच मुरलेली आहे. ओळ कोठे थांबते, ऑर्गनला श्वास कोठे मिळतो, तालाचा ठेका कोठे मोकळा सुटतो, याचा हिशेब स्वररचना करतानाच झालेला दिसतो. गायकाला विस्ताराची मुभा राहते आणि पदाचा घाटही सुटत नाही.

चित्रपटात हा संयम त्यांनी नेहमीच पाळला असे नाही. ‘झनक झनक पायल बाजे’त (१९५५) अमीर खाँचा स्वर, सामताप्रसादांचा तबला, एका प्रसंगी तरुण शिवकुमार शर्मांचे संतूर असा थाट आहे, पण नृत्यप्रसंगांत वाद्ये कधी कधी पावलांशीच स्पर्धा करू लागतात. उलट ‘गूँज उठी शहनाई’त (१९५९) बिस्मिल्ला खाँची शहनाई हीच कथेतील पात्र आहे आणि बाकीचा मेळ तिच्या मागे अदबीने उभा राहतो. शाळाशाळांतील मुलांकडून समूहगान बसवून घेणारे देसाईही येथे आठवावेत. अनेकांना एका स्वरात आणताना काय वगळायचे, हे त्यांना तेथेही ठरवावे लागले असणार.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत उद्वाहकाच्या अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्या पदांच्या संहिता छापील पुस्तकांत मिळतात, चाली आजचे गायक गातात. वाद्ययोजना मात्र जुन्या ध्वनिमुद्रणांतूनच, कान देऊन, वेगळी काढावी लागते.