‘कासव’ : शुश्रूषेचा समाज
सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘कासव’ (२०१६) या सुवर्णकमळप्राप्त चित्रपटाची चर्चा बहुधा नैराश्याचे चित्रण म्हणूनच होते. वस्तुतः त्याचा खरा विषय शुश्रूषा हा होय. आत्मघाताच्या प्रयत्नानंतर भटकणाऱ्या तरुणाला जानकी घरी आणते. नाव, गाव, कारण काहीच विचारीत नाही. मोटार चालविणारा यदू, किनाऱ्यावरचा पोर परशू, कासवांची अंडी राखणारे दत्ताभाऊ यांपैकी कोणीही मनोवैद्य नव्हे. तरी तरुणाच्या सावरण्यात प्रत्येकाच्या सहवासाचा वाटा आहे. उपदेश टाळण्याचा हा संयम मराठी चित्रपटात विरळाच.

मात्र या शुश्रूषेस समुद्रकाठचे घर, मोटार आणि सवड लाभलेली आहे, याकडे चित्रपट प्रश्न म्हणून पाहत नाही. मराठवाड्यातील प्रेक्षकास हे खटकावे. राज्य शासनाने २०१५ साली शेतकऱ्यांसाठी आरंभिलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) धरून १४ जिल्ह्यांत ‘आशा’ कार्यकर्तीने घरोघर जाऊन खचलेली माणसे हुडकावयाची होती. काही न विचारता नुसते सोबत बसण्याची सवड तिला कोठून असणार? तिच्या कामाचा प्रारंभच विचारपुशीने होई. जानकीचे मौन अशा कामात कोठे बसवावयाचे, हे ‘कासव’ सांगत नाही.